आळशी डोळा

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला ताईकडे गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी भाच्याने सोसायटीत क्रिकेट खेळताना चष्मा फोडला. ताई वैतागली. "हा पाचवा! चष्मे काय झाडाला लागतात का रे?" भाचा गुपचूप माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला. मामा घरी असला की एवढा फायदा असतोच.

संध्याकाळी आम्ही तिघं चष्म्याच्या दुकानात गेलो. त्याने निळ्या काड्यांची फ्रेम निवडली. दुकानातल्या माणसाने नंबर तपासला, एकेक डोळा झाकून वाचायला लावलं, आणि म्हणाला, "छान. चष्मा लावला की दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचतोय." ताईने सुस्कारा सोडला. तिला तो का सोडावासा वाटला ते मला ठाऊक होतं. पण त्या क्षणापासून माझं लक्ष मात्र दुसऱ्याच एका चष्म्यात अडकलं, ते घरी येईपर्यंत सुटलं नाही. रात्री झोप येईना, तेव्हा ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. बालाघाटच्या डोंगरातलं गाव, पहिली ते सातवी शाळा. गावाचं आणि मुलांची नावं मुद्दाम लिहीत नाही. जमीन कोरडवाहू, म्हणून दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. असे कोयते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात.

२०१९-२० साली माझ्या पहिलीच्या वर्गात असाच एका कोयत्याचा मुलगा होता. माझा भाचाही तेव्हा पुण्यात पहिलीत होता. दोघांच्या वयात जेमतेम दोन-तीन महिन्यांचा फरक. आणि योगायोग असा की दोघांच्याही दोन्ही डोळ्यांना नंबर होता आणि डाव्या डोळ्याचा फार जास्त होता. अर्थात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ना ताईला, ना मला.

आमच्याकडे वर्षातून एकदा डॉक्टरांची गाडी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम देशात सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, २०१३ साली. गाडीत डॉक्टर असतात, नर्स असते, औषधांचं काम बघणारा माणूस असतो. ते एकेका मुलाला पुढे बोलावून दात, कान, कातडी, छाती, डोळे सगळं बघतात. मुलांना त्या दिवशी जत्रेसारखा आनंद होतो (सुई टोचायची नसते हे कळल्यावर!). त्या वर्षी आमच्या शाळेची तारीख मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात ठरली होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, महिन्याच्या मध्यावर शाळांना कुलपं लागायला सुरुवात झाली, आणि २५ मार्चपासून अख्खा देश घरात बसला. गाडी आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. त्यात मी कुणाला बोल लावू? त्या गाडीतली माणसं तेव्हा कोविडच्या कामावर राबत होती.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य होतं, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'. रोज मोबाईलवर अभ्यास यायचा, आम्ही तो पुढे पाठवायचो. ज्यांच्याकडे मोबाईल त्यांना मिळायचा. बाकीच्यांसाठी आम्ही जमेल तसं पारावर, ओसरीवर, चार-चार मुलं अंतर ठेवून बसवायचो. मुलांचं लिहिणं-वाचणं मागे पडेल याची काळजी सगळ्यांनाच होती, मलाही होती. पण शाळा बंद झाली म्हणजे आणखी काय काय बंद झालं, याचा हिशेब मी त्या वेळी केलाच नाही.

तो आज मांडून बघतो.

पहिली गोष्ट, दुपारची खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, त्यात डाळ, भाजी, तेल. एकूण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. कागदावर हे आकडे रुक्ष दिसतात. पण सकाळी चहात भाकरी बुडवून आलेल्या मुलासाठी ते दिवसातलं पहिलं खरं जेवण असतं. शाळा बंद झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० लाच या जेवणाची स्वतःहून दखल घेतली. मग आम्ही कोरडा शिधा वाटला, तांदूळ आणि डाळी. मी स्वतः पिशव्या मोजून दिल्या. पण पंगतीत वाढलेली खिचडी त्या मुलाच्याच पोटात जाते, आणि घरी नेलेला तांदूळ घराचा होतो. त्यात आजी असते, धाकटी भावंडं असतात, मजुरी बुडालेले आईबाप असतात. ते बरोबरच आहे. उपाशी घरात एका मुलाचं ताट वेगळं कोण वाढणार? पण त्याच्या वाट्याचे १०० ग्रॅम पातळ होत गेले, हेही खरंच.

दुसरं म्हणजे गोळ्या. लहान मुलांच्या गुलाबी, मोठ्या मुलामुलींच्या निळ्या, आठवड्याला एक लोहाची गोळी. आणि जंताची गोळी वेगळी. शाळेत ती आम्ही समोर उभं राहून खायला लावतो. कारण हातात दिली तर निम्म्या गोळ्या कुंपणापलीकडे जातात, हे कुठलाही मास्तर सांगेल.

तिसरा वजनकाटा. भिंतीवर उंचीच्या खुणा असतात, मुलं स्वतःच रोज त्यापाशी उभी राहून भांडतात.

आणि चौथा फळा. फळ्याला मी कधी आरोग्याच्या यादीत धरलं नव्हतं. पण लहान मुलाला दूरचं दिसत नाही, हे ओळखायचं गावात दुसरं साधन तरी कुठलं आहे? शेतातली वाट पायाखालची असते. शेरडं आवाजावरून कळतात. घरात सगळं हाताच्या अंतरावर. लांबून बारीक काही वाचण्याची वेळ त्याच्यावर फक्त शाळेत येते.

शहरातल्या मुलाला शाळा बंद झाली तरी बाकीचं सगळं होतं. माझ्या भाच्याचंच बघा. जून २०२० पासून त्याची शाळा लॅपटॉपवर सुरू झाली. ताई घरूनच काम करत होती, तीही शेजारच्या खुर्चीत. ऑगस्टमध्ये तिच्या लक्षात आलं की हा मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून बघतो. तिने फोन केला, वेळ घेतली, मास्क लावून डॉक्टरांकडे नेलं. चष्मा लागला. डावा डोळा मागे पडला होता, म्हणून उजव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची. ताईने वर्षभर नेमाने लावली. तो रडायचा, ती गोष्ट सांगायची, आणि पट्टीवर समुद्री चाच्याची कवटी काढून द्यायची. म्हणजे ज्या स्क्रीनला आपण सगळे शिव्या देत होतो, तिनेच त्याचा डोळा वाचवला असं म्हणायला हवं.

आता इकडे गावात काय चाललं होतं ते सांगतो. हा भाग लिहायला मला जड जातंय.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. घरोघरी जाऊन प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. आशाताईंच्या जोडीला मीही फिरत होतो. त्या मुलाच्या घरी गेलो, तर तो उंबऱ्यावर बसून वर्तमानपत्राचा एक तुकडा वाचत होता. कागद अगदी नाकाला लावून. मला इतका आनंद झाला! शाळा बंद होऊन सहा महिने झालेत आणि पोरगं वाचतंय! मी म्हणालो, "वा रे पठ्ठ्या! वाचतोस की!" तो हसला. मी त्याच्या कपाळासमोर तापमापक धरला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. ताप नाही. ऑक्सिजन ९८. आशाताईंनी लिहून घेतलं आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.

कागद नाकाला का लावलाय, हे मला विचारायचं सुचलं नाही. मी विषाणू शोधायला गेलो होतो. तो त्या घरात नव्हता, म्हणून घर ठीक.

त्या दिवाळीत आईबाप तोडीला निघाले. एरवी अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे मुलं आजी-आजोबांकडे राहतात, शाळेत येतात आणि जेवायची सोय होते. त्या वर्षी शाळाच नाही, तर आमच्या गावात वसतिगृह कुठलं? मग तोही गेला, धाकट्या बहिणीला सांभाळायला. पाच महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत राहिला. परत आला तेव्हा दोघांच्याही अंगभर खरूज होती.

पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. पहिलीतून गेलेला मुलगा तिसरीत येऊन बसला. सुमारे वीस महिन्यांनी!

पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांची वजनं केली. सहा ते आठ वर्षांचं मूल वर्षाला साधारण दोन किलोने वाढायला हवं. आमच्याकडची काही मुलं वाढली होती, चांगली गुटगुटीत झाली होती. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, ज्यांच्या घरी दुभती म्हैस आहे, ज्यांचे वडील तालुक्याला दुकान चालवतात त्यांची. आणि तिघांची वजनं वीस महिन्यांत किलोभरही वाढली नव्हती. तिघंही कोयत्यांची. २०२० च्या मार्चपर्यंत ही सगळी मुलं एकाच पंगतीत बसून एकाच डेगेतली खिचडी खात होती. फरक तेव्हाही होताच. महाराष्ट्रात २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली होती. म्हणजे साथ यायच्या आधीच. पण निदान दिवसातून एकदा तरी त्यांचं ताट सारखं होतं. ते उचललं गेलं आणि ज्याच्या घरी जे होतं त्यावर तो वाढला किंवा थांबला.

तर तो मुलगा. फळ्यावरचं काहीच उतरवून घ्यायचा नाही. शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचा. विचारलं की खाली बघायचा. मला वाटलं, दोन वर्षं उनाडक्या करून अंगात आळस भरलाय. एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणालोही, "आळशी झालास तू. पहिलीत किती चांगला होतास!"

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मुलं चेंडू खेळत होती आणि हा एकटाच भिंतीला टेकून उभा. मी मुलांना विचारलं, ह्याला का घेत नाही? एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "सर, त्याला चेंडू दिसतच न्हाई. त्याच्या नाकावर बसतो मग. म्हणून न्हाई घेत."

म्हणजे मुलांना माहीत होतं. सगळ्यांना. फक्त मला नव्हतं.

मी त्याला फळ्यापासून लांब उभं केलं आणि एक डोळा झाकायला सांगितला. डावा झाकला तर मोठी अक्षरं वाचली. उजवा झाकला तर गप्प. म्हणाला, "सर, पांढरं पांढरं दिसतंय." त्या रात्री मी जेवलो नाही.

आईबाप पुन्हा तोडीला गेले होते. त्याची आजी म्हणाली, "गुर्जी, लेकरू तर चांगलं हिंडतंय-फिरतंय. कुठं पडत न्हाई, झडत न्हाई. डोळ्याला काय झालं त्याच्या?" आजीला समजावलं आणि एका शनिवारी मोटरसायकलवर पुढे मुलगा, मागे आजी असं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास तपासलं. मग म्हणाल्या, "दोन्हीला नंबर आहे, चष्मा देतो. पण डाव्याचा नंबर फार आहे, आणि इतकी वर्षं त्याने तो डोळा वापरलाच नाहीये. याला आळशी डोळा म्हणतात."

मी त्यांना पुन्हा विचारलं, काय म्हणतात?

"आळशी डोळा. डोळ्यात दोष नसतो फारसा. डोळ्याकडून नीट चित्र येत नाही म्हणून मेंदू त्याच्याकडे लक्ष द्यायचं सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर बरंच काही करता येतं. नंतर अवघड होत जातं. पट्टी लावून बघू. थोडं लवकर आणायला हवं होतं."

माझा शब्द आणि त्यांचा शब्द एकच होता. आजी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं गुरुजींना जास्त कळतं.

चष्मा फुकट मिळाला, तोही लवकर. प्रश्न पट्टीचा होता. घरी कोण लावणार? आजी दिवसभर रोजंदारीवर. मग ठरवलं, पट्टी शाळेतच. सकाळी हजेरी झाली की मी त्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावायचो आणि खिचडीच्या वेळी काढायचो. ती चुणचुणीत पोरगी त्याच्या शेजारी बसून फळा वाचून दाखवायची. मी ताईला विचारून कवटीही काढून दिली पट्टीवर. वर्गात त्याचा भाव वाढला!

आणि जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला, शाळा पुन्हा बंद. या खेपेला मात्र मी थांबलो नाही. रोज सकाळी त्याच्या घरी जाऊन पट्टी लावून यायचो. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न होता, जमलं. पण ते एका मुलाचं झालं. बाकीच्यांच्या घरी मी काय लावायला जाणार होतो?

सातवीतली एक मुलगी आठवते. आठवड्याची निळी गोळी घेताना दर वेळी तोंड वाकडं करायची. २०२१ च्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, आम्हाला कळेपर्यंत ती सासरी गेलीही होती. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, त्यावर उचल मिळते. शाळा चालू असती तर मुलगी चार दिवस आली नाही हे आमच्या लक्षात आलं असतं, कुणाला तरी घरी पाठवलं असतं. लग्न थांबलंच असतं असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण हजेरीपटावर तिच्या नावापुढे फुली पडली असती. बंद शाळेत फुली कुठे मारणार?

तुम्ही म्हणाल, मग काय शाळा चालू ठेवायच्या होत्या? मला खरंच ठामपणे सांगता येत नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये आमच्या भागात माणसं कशी गेली ते मी पाहिलंय. आमच्यातले काही शिक्षकही गेले. तेव्हा शाळा उघडा म्हणण्याची माझीही छाती झाली नसती. एवढंच म्हणतो, की कुलूप लावताना आपण पुस्तकांची काळजी केली, आणि त्या कुलपाआड गावातला वजनकाटा, गोळ्यांचा डबा, पंगत आणि फळाही गेला हे ध्यानात घेतलं नाही. पुन्हा कधी अशी वेळ आलीच, तर शिक्षण सुरू ठेवतो तसं हेही पारावर सुरू ठेवता येईल. ई अक्षराचा एक तक्ता आणि वीस फूट दोरी. याला इंटरनेट लागत नाही.

कोविडने आमच्या शाळेतल्या एकाही मुलाला दवाखान्यात नेलं नाही. त्यामुळे 'मुलं वाचली' असं आम्ही म्हणत राहिलो. ते खरं आहे. आणि तो मुलगा डाव्या डोळ्याने चष्मा लावूनही अजून तक्त्याच्या पहिल्या तीनच ओळी वाचतो, तेही खरं आहे. पट्टीने एका ओळीच्या तीन झाल्या. आता तो वरच्या वर्गात आहे, गणितात चांगला आहे, चेंडूही खेळतो. एका डोळ्याने माणसाचं अडत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं असावं.

सुट्टी संपवून परत निघालो तेव्हा भाचा नवा चष्मा लावून स्टॅण्डवर सोडायला आला होता. लांबून येणाऱ्या एसटीची पाटी त्याने माझ्याआधी वाचली. "मामा, तुझी गाडी. बीड." मी त्याला म्हटलं, एक डोळा झाकून वाच बरं. त्याने झाकला, वाचली. दुसरा झाकला, वाचली.

"का रे मामा?"

"काही नाही. सवय लागलीये."

खरंच लागली आहे. दर जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या आठवड्यात मी पुस्तकं वाटायच्या आधी दोरी काढतो. एकेकाला लांब उभं करतो, आधी उजवा झाकायला लावतो, मग डावा. आणि शेवटी मुलांनाच विचारतो, तुमच्यात कुणाला चेंडू दिसत नाही रे? त्यांना बरोबर माहीत असतं.